बोगनवेलीला नाव कॅप्टनचं मिळालं, पण त्याच मोहिमेत पुरुषाच्या कपड्यांत एक बाई राबत होती

हायवेच्या दुभाजकात, सोसायटीच्या गेटवर, झेडपीच्या शाळेच्या कंपाउंडला, नाहीतर वर्षानुवर्षं कुलूप लागलेल्या एखाद्या बंगल्याच्या भिंतीवर. महाराष्ट्रात बोगनवेल नाही असं गाव सापडणं अवघड आहे. एप्रिल-मेच्या उन्हात बाकीची झाडं माना टाकतात, तेव्हा ही मात्र गुलाबी, जांभळी, केशरी, पांढऱ्या रंगात भरभरून फुललेली असते.

इतकी ओळखीची असल्यामुळे ती इथलीच वाटते. पण बोगनवेल आपली नाही. तिचं माहेर आहे ब्राझील. आणि ब्राझीलच्या जंगलातून ती जगासमोर आली त्या गोष्टीत एक कॅप्टन आहे, एक शास्त्रज्ञ आहे आणि एक बाई आहे. कॅप्टनचं नाव झाडाला मिळालं, शास्त्रज्ञाचं नाव पुस्तकात गेलं. बाईचं नाव मात्र कुठेच आलं नाही.

तिचं नाव होतं झान बारे. जहाजाने पृथ्वीला पूर्ण फेरी मारणारी, इतिहासात नोंद असलेली पहिली स्त्री. आणि या फेरीतला मोठा काळ तिने पुरुषाच्या वेषात काढला होता.

मजुराची पोर

झानचा जन्म २७ जुलै १७४० चा. फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या ला कोमेल या खेड्यातला. वडील रोजंदारीवर शेतात राबणारे मजूर. घरात शिक्षणाचा गंध नाही. अशा घरातल्या मुलींचं आयुष्य आधीच ठरलेलं असायचं. शेतावर राबायचं, लग्न करायचं, नाहीतर कुणाच्या तरी घरी कामाला राहायचं.

झान कामाला राहिली. मालक होता फिलिबेर कॉमरसाँ. शिकलेला डॉक्टर, पण जीव सगळा झाडपाल्यात अडकलेला. नवीन झाड दिसलं की याला जेवणाखाण्याची शुद्ध राहायची नाही. १७६२ मध्ये त्याची बायको बाळंतपणानंतर वारली. घर सांभाळायला माणूस हवं होतं आणि ते काम झानकडे आलं.

पुढे दोघांचं नातं मालक आणि मोलकरीण एवढंच राहिलं नाही. १७६४ मध्ये झान गरोदर राहिली. त्या काळी फ्रान्समध्ये लग्न न झालेल्या बाईला दिवस गेले तर तिला सरकारदरबारी तशी नोंद करावी लागायची. झानने नोंद केली, पण मुलाच्या बापाचं नाव सांगितलं नाही. दोघं गाव सोडून पॅरिसला आले. डिसेंबरमध्ये मुलगा झाला आणि त्याला अनाथालयात द्यावं लागलं. वर्षभराच्या आत ते बाळ गेलं.

याच काळात कॉमरसाँला आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी चालून आली.

राजाची मोहीम आणि एक अडचण

फ्रान्स नुकताच इंग्लंडबरोबरचं सात वर्षांचं युद्ध हरला होता. कॅनडा हातातून गेला होता. गेलेली पत परत मिळवायची तर नवे प्रदेश, नवे व्यापारी मार्ग, नवी पिकं शोधायला हवी होती. म्हणून राजाने जगप्रदक्षिणेची मोहीम काढली. प्रमुख होता लुई आंत्वान द बुगाँव्हिल, गणित शिकलेला आणि कॅनडात लढलेला अधिकारी. 'बुदूज' आणि 'एत्वाल' अशी दोन जहाजं, दोन्हींवर मिळून ३०० हून जास्त माणसं.

मोहिमेवर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून कॉमरसाँची निवड झाली. सोबत एक नोकर न्यायची परवानगी मिळाली, त्याचा खर्चही सरकार करणार होतं.

अडचण अशी होती की कॉमरसाँची तब्येत तोळामासा होती आणि पायाची जखम त्याला सतत छळायची. त्याला नुसता हरकाम्या चालणार नव्हता. झाडं ओळखणारा, पानं-फुलं नीट दाबून सुकवणारा, शिवाय आजारपणात काळजी घेणारा माणूस हवा होता. हे सगळं झानला येत होतं. पण १६८९ च्या राजाज्ञेनुसार नौदलाच्या जहाजावर बाई नेायला बंदी होती.

मग दोघांनी मार्ग काढला. झानने छातीवर घट्ट पट्ट्या बांधल्या, ढगळ पुरुषी कपडे चढवले आणि रोशफोर बंदरात ती कॉमरसाँला जणू पहिल्यांदाच भेटतेय असं दाखवून नोकर म्हणून रुजू झाली. नावात फार बदल करावा लागला नाही. 'झान'चं 'झाँ' झालं, एवढंच.

निघण्याआधी कॉमरसाँने मृत्युपत्र केलं. त्यात आपल्या या मोलकरणीसाठी ६०० लिव्र आणि पॅरिसच्या घरातलं सामान लिहून ठेवलं. १ फेब्रुवारी १७६७ ला 'एत्वाल'ने बंदर सोडलं, तेव्हा झान २६ वर्षांची होती.

शेकडो पुरुषांत एकटी

जहाजावर आडोसा नावाची गोष्टच नसते. खलाशी एकमेकांना खेटून झोपायचे, उघड्यावर अंघोळ करायचे. तिथे झानचं सोंग काही दिवसांतच उघडं पडलं असतं. पण नशिबाने साथ दिली. कॉमरसाँचं सामान इतकं होतं की 'एत्वाल'च्या कॅप्टनने स्वतःची केबिनच त्याला देऊन टाकली. त्या केबिनला स्वतंत्र शौचालय होतं. त्यामुळे झानची सुरुवातीची मोठी अडचण सुटली.

तरी कुजबुज सुरू झालीच. हा पोरगा दाढी करत नाही, कुणासमोर कपडे बदलत नाही. जहाजावरच्या सर्जनने लिहून ठेवलंय की प्रकरण अंगाशी येतंय असं दिसल्यावर झानने एक गोष्ट रचली. तुर्कांच्या तावडीत सापडलो होतो, त्यांनी मला खोजा केलं, असं तिने सांगून टाकलं. त्यानंतर काही काळ तरी लोक गप्प बसले.

रिओच्या डोंगरातलं काटेरी झुडूप

जून १७६७ मध्ये दोन्ही जहाजं ब्राझीलच्या रिओ दी जानेरोमध्ये भेटली. तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि वातावरण तापलेलं होतं. 'एत्वाल'वरच्या पाद्रीचा गावात खून झाला. पोर्तुगीज व्हाइसरॉयशी फ्रेंचांचं बिनसलं. त्यात कॉमरसाँचा पाय चिघळलेला.

तरीही बंदरामागे जे पसरलं होतं ते सोडून देणं कुठल्याही वनस्पतीशास्त्रज्ञाला जमलं नसतं. रिओमध्ये समुद्राला खेटून दगडी डोंगर उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर अटलांटिक किनाऱ्याचं जंगल आहे. आपल्याकडे जसा सह्याद्री, तसा ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याचा हा हिरवा पट्टा. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारी असंख्य झाडं इथे होती.

याच भागात जंगलाच्या कडेला, उन्हाच्या उतारावर एक काटेरी झुडूप वाढत होतं. त्याच्या लांब लवचिक फांद्या शेजारच्या झाडावर रेलायच्या, वाकड्या काट्यांनी सालीला धरायच्या आणि वर ऊन मिळेपर्यंत चढत राहायच्या. जून म्हणजे तिथला हिवाळा आणि वर्षातला सगळ्यात कमी पावसाचा काळ. पाऊस थांबला की हे झुडूप रंगाने भरून जातं.

हीच बोगनवेल. आणि तिच्या आजच्या सवयी सगळ्या त्या माहेरच्या आहेत.

नर्सरीवाले सांगतात ना, बोगनवेलीला फार पाणी घालू नका, नुसती पानंच येतील? त्याचं कारण इथे आहे. कोरडा काळ आणि भरपूर ऊन हा तिच्यासाठी फुलायचा इशारा असतो. पाणी जास्त झालं की तिला वाटतं पावसाळा चालू आहे आणि ती पानं-फांद्या वाढवत बसते. म्हणूनच जिथे कुणी लक्ष देत नाही त्या दुभाजकात ती जास्त फुलते आणि लाडाने कुंडीत वाढवलेली कधीकधी रुसून बसते.

दुसरी गंमत म्हणजे आपण ज्याला बोगनवेलीचं फूल म्हणतो ते फूल नसतंच. ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे त्या तीन रंगीत पानांच्या मधोमध असलेली पांढरट, बारीक नळी. फूल लहान आहे, लांबून दिसत नाही, म्हणून भोवतीची पानं रंग घेऊन गुंजन पक्षी आणि फुलपाखरांना बोलावतात. पुढे बी तयार झाली की तेच पान कागदासारखं सुकतं आणि बी घेऊन वाऱ्यावर उडतं.

तिच्या कुळातली दोन नावं मात्र पक्की आपल्या अंगणातली वाटतील. संध्याकाळी उमलणारी गुलबाक्षी आणि आयुर्वेदातली पुनर्नवा या दोघी तिच्या भावकीतल्या.

आता प्रश्न असा की रिओच्या त्या झुडपाची फांदी तोडली कुणी? कागदावर श्रेय कॉमरसाँचं आहे. पण त्याच्या पायाची अवस्था आणि झान करत असलेलं काम पाहता ती फांदी तिच्याच हाताने आली असावी, असं आज अनेक अभ्यासक मानतात. काही असलं तरी ती दाबून सुकवणं, दमट जहाजावर बुरशीपासून वाचवणं, ओले कागद काढून कोरडे घालत राहणं या कामात झानचे हात होतेच. जहाजावरचा नमुना टिकला तर शोध टिकतो. नाहीतर तो नुसता कचरा.

कॉमरसाँने या झाडाला आपल्या मोहीमप्रमुखाचं नाव द्यायचं ठरवलं. बुगाँव्हिलवरून बुगनव्हिलिया.

बंदुकाही तिच्या खांद्यावर

पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत जहाजं शिरली. दक्षिण अमेरिकेचं टोक, बर्फ, बोचरा वारा. तिथल्या डोंगरांत कॉमरसाँबरोबर झान हिंडायची. खाण्याचं सामान, बंदुका आणि झाडांच्या जाडजूड वह्या तिच्या पाठीवर असायच्या. हे खुद्द बुगाँव्हिलने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलंय. कॉमरसाँ तर तिला कौतुकाने ओझ्याचं जनावरच म्हणायचा. कौतुक होतं, पण शब्द काय निवडला तेही बघा.

सोंग उघडं पडलं

एप्रिल १७६८ मध्ये जहाजं ताहिती बेटावर पोचली. बुगाँव्हिलने लिहिलंय की झान किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या तिथल्या लोकांनी तिच्याभोवती गर्दी केली आणि ही बाई आहे म्हणून गलका केला. फ्रेंच खलाशांना वर्षभरात जे खात्रीने कळलं नव्हतं, ते ताहितीच्या लोकांनी बघताक्षणी ओळखलं. एका अधिकाऱ्याने तिला गर्दीतून सोडवून जहाजावर आणलं.

काही आठवड्यांनी बुगाँव्हिलने तिला विचारलं, तेव्हा तिने रडत कबुली दिली. आपण अनाथ आहोत, कोर्टातला दावा हरल्याने पोटासाठी पुरुषाचा वेष घेतला, कॉमरसाँला यातलं काहीच माहीत नव्हतं, असं तिने सांगितलं. यातली शेवटची गोष्ट साफ खोटी होती. खरं सांगितलं असतं तर कॉमरसाँची नोकरी गेली असती, म्हणून सगळा दोष तिने स्वतःच्या अंगावर घेतला. बुगाँव्हिलने तिला शिक्षा केली नाही. तिच्या धाडसाचं आणि सभ्य वागण्याचं त्याने कौतुकच केलं.

पण जहाजावरच्या इतर रोजनिशा वेगळं चित्र दाखवतात. सर्जनच्या लिखाणानुसार, पुढे न्यू आयर्लंड बेटावर मोहिमेतल्याच नोकरांनी तिला गाठलं आणि ती बाई आहे का ते जबरदस्तीने तपासलं. तिथे तिच्यावर बलात्कार झाला असावा, असं काही इतिहासकारांचं मत आहे. बुगाँव्हिलच्या पुस्तकात यातलं काही नाही. तो गोड शेवट असलेला किस्सा छापला गेला आणि तोच जगभर पसरला.

मॉरिशसमध्ये एकटी

नोव्हेंबर १७६८ मध्ये जहाजं मॉरिशसला लागली. तिथला प्रशासक पिएर प्वाव्र स्वतः झाडांचा वेडा आणि कॉमरसाँचा ओळखीचा. त्याने दोघांना ठेवून घेतलं. बुगाँव्हिलचाही प्रश्न सुटला, कारण राजाज्ञा मोडून आणलेली बाई फ्रान्सच्या बंदरात उतरवावी लागली नाही.

इथे झानला पुरुषाचे कपडे घालायची गरज उरली नाही. दोघांनी मॉरिशसबरोबरच मादागास्करमध्येही झाडं गोळा केली. मादागास्करमध्ये कॉमरसाँने एका झाडाला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं, 'बारेतिया'. त्या झाडाची पानं एकाच फांदीवर वेगवेगळ्या आकारांची होती. पण हे नाव टिकलं नाही. तो वनस्पतींचा गट आधीच दुसऱ्या नावाने नोंदला गेला होता. आपल्या कडुनिंबाच्याच कुळातला आहे तो.

प्वाव्र फ्रान्सला परत गेला आणि कॉमरसाँचा आधार तुटला. १३ मार्च १७७३ ला वयाच्या ४५ व्या वर्षी तो वारला. आठच दिवसांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याची सदस्य म्हणून निवड केली, कारण त्याच्या मृत्यूची बातमी तिकडे पोचलीच नव्हती. त्याने आणि झानने गोळा केलेले ६,००० हून जास्त नमुने पेट्या भरून पॅरिसला गेले.

झान मात्र परक्या बेटावर राहिली. ना पगार, ना कुणी विचारणारं. तिने पोर्ट लुईमध्ये दारूचा गुत्ता चालवला. रविवारी दारू विकली म्हणून तिला ५० लिव्र दंडही झाला. मे १७७४ मध्ये तिने झाँ दुबेर्ना या फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि १७७५ च्या सुमारास त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली.

ज्या देशातून निघाली त्या देशात ती पोचली आणि तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. बंदरावर स्वागताला कुणी नव्हतं. १७७६ मध्ये तिने कॉमरसाँच्या मृत्युपत्रातले पैसे मिळवले. १७८५ मध्ये नौदल खात्याने तिच्या कामाची दखल घेऊन वर्षाला २०० लिव्र पेन्शन सुरू केली. ज्या नौदलाच्या जहाजावर तिला बाई म्हणून पाऊल ठेवायची बंदी होती, त्याच नौदलाची ही पेन्शन. ५ ऑगस्ट १८०७ ला ६७ व्या वर्षी ती दोर्दोन्य भागातल्या एका खेड्यात वारली.

तिचं आज सगळीकडे दिसणारं चित्र, खलाशाचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आणि हातात फुलं असलेलं, ती गेल्यानंतर १८१६ मध्ये छापलेलं आहे. ते मनाने काढलेलं आहे.

नाव कुणाचं राहतं?

१७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, ज्युसिय या शास्त्रज्ञाने बोगनवेलीचं शास्त्रीय नाव छापून पक्कं केलं. कॉमरसाँचं नाव ७० हून जास्त प्रजातींना मिळालं. झानच्या नावाने मात्र २०० हून जास्त वर्षं एकही झाड नव्हतं.

यात कुणा एकाचा डाव नव्हता. व्यवस्थाच तशी होती. नमुन्याच्या कागदावर नाव लागायचं ते पदावरच्या शास्त्रज्ञाचं. झाडाला नाव मिळायचं ते राजाचं, सरदाराचं, कॅप्टनचं. डोंगर चढणारे, ओझी वाहणारे, वाट दाखवणारे स्थानिक लोक, नोकर, बायका यांच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

शेवटी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वनस्पतीशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इक्वेडोर-पेरूमधल्या एका नव्या वेलीला 'सोलॅनम बारेतिए' हे नाव दिलं. वांगी-बटाट्याच्या गटातली ही वेल. तिच्याही पानांचे आकार सारखे नसतात, अगदी त्या मादागास्करच्या हुकलेल्या झाडासारखे. पुढे प्लूटोवरच्या एका पर्वतरांगेलाही झानचं नाव मिळालं.

आणि बोगनवेल? ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं तिचं जंगल ऊस, कॉफी आणि शहरांनी खाऊन टाकलं, आता त्याचा थोडाच हिस्सा उरलाय. ती स्वतः मात्र जगभर पोचली. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक बोगनवेली माणसाने तयार केलेल्या संकरित जाती आहेत. त्यांना बी क्वचितच धरतं. कुणीतरी फांदी तोडून मातीत खोचतं आणि ती वाढते. म्हणजे आजही ती कुणाच्या तरी हातानेच पुढे जाते आणि त्या हाताचं नाव कुणी लिहून ठेवत नाही.

मराठीने मात्र एक गोष्ट नकळत करून ठेवलीय. फ्रान्सच्या त्या बड्या कॅप्टनच्या नावातल्या 'व्हिल'ची आपल्या लोकांनी सरळ 'वेल' करून टाकली. बोगनवेल म्हणताना बुगाँव्हिलची आठवण कुणालाच येत नाही. कॅप्टनचं नाव असं पुसलं गेलंच आहे, तर पुढच्या वेळी गेटवरची बोगनवेल दिसली की झान बारेचं नाव आठवायला हरकत नाही.